बूड पक्कं, अंग मोकळं

काका,

मी बडोद्याचा, वय ३३, कारेलीबागेत तळमजल्यावर राहतो. सहा वर्षं रात्री जागून पानिपतची मराठी फौज रंगवली आहे. टेबलावर लढाया खेळायचे २८ मिमी उंचीचे सैनिक आहेत : दीडशे पायदळ, चाळीस घोडेस्वार, सहा तोफा. पायदळ बहुतेक प्लास्टिकचं, घोडेस्वार धातूचे, तोफा रेझिनच्या. शिवाय लंडनच्या मामांनी दिलेले जुने तीसेक धातूचे शिपाई. इतके दिवस सगळे हॉलमधल्या प्लायवुडच्या शोकेसमध्ये काचेआड होते. आता मुलगी चौदा महिन्यांची झाली, धरून उभी राहते, आणि शोकेसचं सरकतं दार तिला उघडता येतं. बायको म्हणते, फौज हलव. आई म्हणते, "एवढा घोडा झाला, अजून भातुकली!" गेल्या महिन्यात बुटांच्या खोक्यांत कापूस आणि बबल रॅप घालून स्कूटरवरून मकरपुऱ्याला मित्राकडे खेळायला नेले. पोचेपर्यंत अकरा भाले मोडले, दोन घोडेस्वार बेसवरून, म्हणजे पायाखालच्या चकतीवरून, सुटले, आणि कित्येकांच्या पाठीवर बबल रॅपची गोल गोल नक्षी उमटली. मे महिन्यात रेल्वेने पुण्याला न्यायचे आहेत. परदेशी फोमची बॅग घेऊ का? तिच्या खर्चात अजून एक पलटण येईल. आणि मामांच्या शिपायांवर पांढरी पावडर धरली आहे, ती बुरशी का?

— पानिपतचा पराभूत, कारेलीबाग

प्रिय पराभूता,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो. बाकी सगळं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही.

ती बुरशी नव्हे. जुन्या शिपायांच्या धातूत शिसं भरपूर असे. नव्वदच्या दशकापासून बऱ्याच उत्पादकांनी ते काढून कथलाचे मिश्रधातू वापरायला घेतले. शिशाला व्हिनेगरच्या आम्लाची वाफ लागली आणि जोडीला दमट हवा मिळाली, की ते गंजतं आणि त्याचं पांढरं पीठ होतं. वाफ कुठून आली म्हणशील, तर तुझ्या शोकेसमधून. प्लायवुड, एमडीएफ, पुठ्ठा, काही जातींचं लाकूड, सगळ्यांतून ती थोडी थोडी येतच असते. काच बसवताना मिस्त्रीने सिलिकॉन लावलं असेल आणि त्याला दोन दिवस आंबट वास मारत असेल, तर तोही तोच वास. उघड्या फळीवर ही वाफ उडून जाते. काचेआड ती शिपायांच्या सोबतीला राहते. धूळ नको म्हणून आपण काच लावतो आणि धुळीपेक्षा वाईट पाहुणा आत कोंडतो.

हे पीठ शिशाचं आहे, म्हणजे विषारी. लहान मुलांच्या मेंदूला शिसं अगदी थोडंही बाधतं, आणि तुझी लेक जे हाताला लागेल ते तोंडात घालायच्या वयाची आहे. तेव्हा आजच, ती झोपल्यावर, हातमोजे आणि मास्क घाल, मामांचे शिपाई बाहेर काढ. फुंकर मारू नकोस, कोरड्या ब्रशने झाडू नकोस. ओल्या टिश्यूने टिपून घे, टिश्यू पिशवीत बांधून टाक, शोकेसची फळीही ओल्या फडक्याने पुसून ते फडकं फेकून दे. शिपाई झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भर, आत पुठ्ठा नको, लाकूड नको, आणि डबा मुलगी मोठी होईपर्यंत घराबाहेर मुक्कामाला पाठव. मकरपुऱ्याच्या मित्राला मूल नसेल तर तिथे. व्हिनेगरमध्ये बुडवून काढ, पांढरं जातं, असं कुणीतरी सांगेल. ज्या आम्लाने दुखणं झालं त्याचंच औषध कशाला?

तीसमधले सगळेच शिशाचे असतील असं नाही. रंग नसलेली धातूची एखादी कड, बेसची खालची बाजू, कागदावर घासून बघ. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर शिसं भरपूर आहे.

आता भाले.

माझ्या आजीकडे गौरींचे मुखवटे होते, पितळेचे नव्हेत, शाडूचे, रंगवलेले. आमच्या घरी गौरी-गणपती झाले की ते मुखवटे एका पत्र्याच्या ट्रंकेत जात. लोकांकडे जुन्या धोतरांत गुंडाळून ठेवायची पद्धत. आजीने ट्रंकेत एक आडवी फळी बसवून घेतली होती, तिला दोन भोकं. मुखवट्याची मान भोकात घट्ट बसे आणि चेहरा वर मोकळा, त्याला कापड नाही, पेंढा नाही, काही नाही. मी लहानपणी विचारलं होतं की चेहऱ्याला मऊ काही का नाही घालत. ती म्हणाली, "नाकाला मऊ लागलं तरी लागतंच." तिच्या आयुष्यात त्या गौरींच्या नाकाचा टवका उडाला नाही.

तू नेमकं उलटं केलंस. कापसात भाल्याचं टोक अडकलं, पगडी अडकली, घोड्याचा कान अडकला. आणि धरायला हवा होता तो बेस सुटा राहिला. स्पीडब्रेकर आला की बेस झोका घेतो. वरचं टोक धरलेलं, खालचं वजन हलतंय, तर ताण कुठे येणार? जिथे सगळ्यात बारीक आहे तिथे, म्हणजे मुठीच्या वरच्या भाल्याशी. खोकं कुठेही आपटलं नसेल, तरी भाले मोडले असतील. पडून मोडणारे सैनिक मी फार थोडे पाहिले आहेत. हलून हलूनच मोडतात. शिवाय कापसाचे तंतू भाल्याला गुंडाळतात, आणि निम्मे भाले ते सोडवताना मोडतात; तुझेही त्या अकरांतले काही तसेच गेले असणार, खरं सांग.

बबल रॅपच्या नक्षीचं कारण वेगळं. ॲक्रिलिक रंग वाळला तरी उन्हात थोडा मऊ पडतो, वर वार्निश नसेल तर जास्तच. दुपारी डिकीत किंवा पायाशी तापलेलं खोकं, त्यात दाबून बसवलेले बुडबुडे, शिक्का उठणारच. वार्निश मार, पण फवाऱ्याचं पावसाळ्याच्या तोंडावर नको. दमट हवेत फवाऱ्याचं मॅट वार्निश पांढुरकं पडतं, सगळी फौज राखेत लोळून आल्यासारखी दिसते. हाताने ब्रशने लावायचं असेल तर मेमधल्या एखाद्या कोरड्या सकाळी लाव, फवारा दिवाळीनंतरच.

बॅग घेऊ नकोस. फोमला माझा सरसकट विरोध नाही. खणात शिपाई आडवा झोपवायचा ही पद्धत आखूड हत्यारांच्या प्लास्टिक पायदळाला चालते. भालाईत घोडेस्वाराला चालत नाही, त्याला प्रत्येक वेळी खणात दाबताना भाला आधी टेकतो. आणि माझं एक जुनं दुखणं आहे. मी एकदा सोफ्याच्या दुकानातून फोम आणून, कापून, त्यात पन्नासेक शिपाई ठेवले आणि बदलीच्या गडबडीत पेटी सात-आठ वर्षं उघडली नाही. उघडली तेव्हा फोम पिवळा झाला होता, बोट लावलं तर गुळाच्या पाकासारखा चिकट, आणि प्रत्येक शिपायाच्या पाठीला त्याचा थर. तो सोफ्याचा फोम पॉलियुरेथेनचा. हवा आणि ओल त्याला आतून पोखरतात. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात हे लवकर होतं. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा, थर्मोकोलसारखा न तुटता वाकणारा फोम पॉलिथिलीनचा, ईपीई म्हणतात. तो असा कुजत नाही, रंगाला लागत नाही, आणि फुकट मिळतो. मऊ पीव्हीसीच्या शीट मात्र टाळ, वह्यांची कव्हरं असतात तसल्या. त्यांतलं मऊ करणारं तेल प्लास्टिकच्या शिपायांत उतरतं आणि त्यांना चिकट करतं.

तर तुला काय करायचंय, ते आजीच्या फळीवरून घे : बूड पक्कं, अंग मोकळं. सैनिक उभाच राहील, बेस खाली धरलेला असेल आणि वर त्याला काहीही शिवणार नाही. जगभर खेळणारे हे चुंबकाने करतात. बेसखाली निओडिमियमचं बारकं पण जबर ताकदीचं चुंबक, पेटीत लोखंडी पत्रा. उत्तम पद्धत आहे आणि तुझ्या घरी मी ती सांगणार नाही. पाच मिमीचं ते चुंबक म्हणजे गोळीएवढं. एखादं बेसमधून निखळलं, मुलीने गिळलं, मागाहून दुसरं गिळलं, तर आतड्याच्या दोन वळशांतून ती एकमेकांना ओढतात आणि मधली आतडी दाबून भोक पाडतात. असा नुसता संशय जरी आला तरी शौचातून पडेल म्हणून वाट बघायची नसते, सरळ इस्पितळ गाठायचं असतं. मुलगी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत घरात सुटी चुंबकं नकोत.

म्हणून उलट करू. चुंबक पेटीत आणि लोखंड बेसखाली.

फ्लेक्स-साइनबोर्ड छापणाऱ्यांकडे चुंबकाची रबरी शीट मिळते, गाडीच्या दारावर चिकटवायचे बोर्ड करतात ती. जाडीला दीड मिमीची माग. पातळ घेतलीस तर पश्चात्ताप होईल. बेसखाली लावायला साधे लोखंडी वॉशर. तुझे पायदळाचे बेस २५ मिमीचे असतील, तर ८ मिमीच्या बोल्टचा वॉशर घे, त्याचा बाहेरचा व्यास १६ मिमी आणि जाडी दीड मिमीच्या जरा वर. बेसच्या पोकळीत तो आरामात बसतो. विकत घेताना घरातलं फ्रिजवरचं चुंबक खिशात टाकून जा. पितळेचा वॉशर नको हे दिसतंच, पण स्टेनलेस स्टीलचे बरेच वॉशर चुंबकाला चिकटत नाहीत आणि काउंटरवर सगळे सारखेच चकाकतात. मी मांडवीच्या एका हार्डवेअरवाल्याकडे चुंबक काढून बसलो तर तो म्हणाला, "काका, आ लोखंडनुंज छे, चोंटशेज." म्हणजे लोखंडाचाच आहे, चिकटेलच. पाचपैकी दोन चिकटले नाहीत. त्याने मान डोलावली आणि दुसरा डबा काढला.

वॉशर चिकटवण्यात एक खुबी आहे, ती चुकली तर सगळं मुसळ केरात. वॉशर बेसच्या कडेच्या पातळीत यायला हवा. आत राहिला तर मध्ये हवा, आणि अर्ध्या मिमीची हवासुद्धा पकड खाऊन टाकते. बाहेर आला तर शिपाई डुगडुगतो. म्हणून असं कर. चुंबकाची शीट टेबलावर सपाट अंथर, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद, त्यावर वॉशर ठेव. शीट त्याला धरून बसेल. वॉशरच्या डोक्यावर अरल्डाइटचा, पोकळी खोल असेल तर एम-सीलचा, वाटाण्याएवढा गोळा. आता शिपायाला बेसने धरून वरून हळूच दाब, कड कागदाला टेकेपर्यंत. पोकळी कितीही खोल असो, मधलं अंतर गोळा स्वतः भरून काढतो आणि वॉशर कडेच्या रेषेत येतो. रात्रभर हलवू नकोस. एका रात्रीत वीस-पंचवीस होतात, दीडशेला आठवडा. फेविक्विक वापरायचा मोह होईल. तो ओढ सहन करतो पण आडव्या झटक्याला कचकन सुटतो, तुझे दोन घोडेस्वार बेसवरून निघाले ते बहुधा त्यामुळेच. त्यांना परत चिकटवताना घोड्याच्या खुरात एक मिमीचं छिद्र पाडून टाचणीचा तुकडा घाल आणि अरल्डाइट लाव.

धातूच्या घोडेस्वाराला दोन वॉशर पुरणार नाहीत. तो वजनाला प्लास्टिकच्या पायदळाच्या कितीतरी पट. रबरी शीटची पकड क्षेत्रफळावर असते, म्हणून त्याच्या बेसच्या मापाचा अख्खा पत्राच खाली चिकटव. अर्ध्या मिमीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा पत्रेवाला मापात कापून देतो, कडा मात्र कानशीने मार, नाहीतर बोटं आणि शीट दोन्ही चिरतील. तरीसुद्धा घोडेस्वारांच्या रांगांमध्ये ईपीईच्या बुटक्या पट्ट्या लाव. घोड्यांच्या पायांच्याही खाली, बेसच्या कडेशी. चुंबक वर उचलायला जेवढा विरोध करतं तेवढा सरकायला करत नाही; गाडीने ब्रेक मारला की अख्खी पागा पुढच्या भिंतीवर जाते. पट्टी तिला अडवते, आणि अंगाला कुठे लागत नाही.

पेटी कोणती? पत्र्याची ट्रंक. हसू नकोस. चुंबकाची शीट तिच्या तळाला आपणहून चिकटते, गोंदसुद्धा लागत नाही, आणि कुलूप लावता येतं, जे तुझ्या बायकोला लगेच पटेल. एक थर तळाशी, घोडेस्वारांचा, जड ते खाली. त्यावर चारही कोपऱ्यांत ईपीईचे खांब उभे कर आणि खांबांवर पत्र्याचा ट्रे, ट्रेवर शीट, त्यावर पायदळ. खांबांची उंची भाल्याच्या टोकापासून बोटभर वर. ही मोजणी पट्टीने करू नकोस. सगळ्यात उंच निशाणवाला ट्रंकेत उभा कर, वर पुठ्ठा धर आणि पुठ्ठा हलवून बघ. निशाणाची काठी विसरून मी एकदा झाकण लावलं होतं. जरीपटका अजून वाकडा आहे, लोक म्हणतात वारा छान दाखवलाय.

तोफा वेगळ्या. रेझिनची वाकलेली तलवार गरम पाण्यात धरली की मऊ होते, सरळ करता येते, हे तुला ठाऊक असेल. त्याच न्यायाने ती बंद गाडीत वाकतेही. मेमध्ये बडोद्यात सावलीत ४२-४३ अंश, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत साठच्या वर जायला वेळ लागत नाही. तोफा ईपीईत कोरलेल्या खाचांत, नळीखाली पूर्ण लांबीचा आधार देऊन झोपव. ह्यांच्या बाबतीत बूड-अंग विसर, बारीक भाला नसतो. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकची काही छापलेली असतील तर त्यांचाही मऊ पडायचा आकडा साठच्याच आसपास आहे.

आता तळमजला आणि कारेलीबाग. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी कुठवर आली होती ते तुला मी सांगायला नको. ३१ जुलै २०१९ चा पाऊसही तू पाहिला असशील. माझे शिपाई २०१९ मध्ये पाण्यात होते, पलंगाखालच्या खणात. पाणी उतरल्यावर खण ओढला तर चिखलाचा गुळगुळीत थर आणि त्यातून वर आलेली संगिनींची टोकं. मला वाटलं गेले. पण गेलं काय, ते बघ. रंगाला काही झालं नव्हतं, मऊ ब्रशने नळाच्या पाण्याखाली चिखल निघाला. फेविकॉलने चिकटवलेली वाळू पाण्याने मऊ होऊन गळून आली, बेस उघडे पडले. एमडीएफचे बेस पोळीसारखे फुगले, ते सगळे फेकले. आणि लोखंडी पत्र्याचा गंज पांढऱ्या बेसवर तांबडा उतरला, तो अजूनही एखाद्या शिपायाच्या टाचेशी दिसतो. म्हणून पलंगाचा खण नको. ट्रंकेतला पत्रा आणि वॉशर, दोन्हींना रंगाचा एक हात दे, गंज थांबतो आणि रंगाचा थर पातळ असला तर पकड जात नाही.

मग माळ्यावर टाकू म्हणशील. पावसाळ्यात ठीक, पण तळमजल्याचा माळाही घरातला गरम आणि कोंदट कोपरा असतो, आणि जड ट्रंक शिडीवरून उतरवताना हातातून सुटली तर विश्वामित्री परवडली. आतल्या भिंतीच्या कपाटाचा छातीच्या उंचीवरचा कप्पा, बाहेरच्या भिंतीचा नको, तिला पावसात ओल येते. पाणी चढायची बातमी आली की ट्रंक उचलून शेजाऱ्यांच्या जिन्यावर. कप्पा प्लायवुडचा असला तरी चालेल; शिशाचे शिपाई घरात राहिले नाहीत, आणि कथलाला, प्लास्टिकला त्या वाफेचं काही नाही. ट्रंकेत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाक, निळ्या रंगाच्या नकोत. निळ्यात कोबाल्ट असतं, मुलांच्या घरात नारिंगी बरी. ती ओली झाली की हिरवी पडते, ओव्हनमध्ये कमी आचेवर वाळवून परत वापरता येते.

ही जागा शोधताना आईला विचार. पितळेची भातुकली तिने कुठे ठेवलीय? बंब, जातं, तो चिमुकला पाटा-वरवंटा? तुझ्या लग्नाआधीपासून तिचा एक कप्पा असणार, कोरडा, उंदीर न पोचणारा, कुणाचा हात न लागणारा. तिने टोमणा मारला तो त्या कप्प्याची मालकीण म्हणूनच. मागून बघ. अर्धा मिळेल.

पुण्याला सगळे नेऊ नकोस. कुठली लढाई खेळायची ते मित्रांशी आधी ठरव आणि तेवढेच ने. ट्रंक बर्थवर चढवताना तुझा खांदा आभार मानेल. एकट्याने एका हाताने उचलता येत नसेल तर ती प्रवासाची पेटी नव्हे. चाकांची बॅग नको. फलाटाच्या फरशीवर ती जी थरथर लावते ती शंभर स्पीडब्रेकरांना भारी. डब्यात खालच्या सीटखाली ठेवलीस तर सुरतेला चढणारा कुटुंबवत्सल माणूस आपली बॅग तिच्यावर पायाने सरकवतो, वसईपर्यंत तीनदा. वरचा बर्थ घे, ट्रंक उशाशी आडवी, उभी कधीच नाही. झाकणाच्या आत प्रत्येक थराचा फोटो चिकटव, कोण कुठे उभा आहे त्याचा. रात्री खेळ संपल्यावर दमलेल्या हातांनी भरताना तोच उपयोगी पडतो. आणि तिथे कुणी मदतीला आला तर त्याच्या हातात आधी एक शिपाई बेसने धरून दे, म्हणजे तोही बेसनेच धरेल. सांगून कुणी ऐकत नाही. भाल्याने उचलणारे दिसले की मी चहा मागवतो, त्यांना.

स्कूटरवर पायाशी नको, तिथे सगळ्यात जास्त थरथर असते. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर दे, माणसाच्या मांडीइतकं चांगलं स्प्रिंग अजून कुणी केलेलं नाही.

आधी एक चाचणी. तुझे सगळ्यात वाईट रंगवलेले दहा निवड, सुरुवातीच्या वर्षातले, ते असतातच प्रत्येकाकडे. त्यांना वॉशर लाव, ट्रंकेत एका थरावर उभे कर, ट्रंक काटकोनात उभी धर आणि बाजूला तळहाताने तीन चापटी मार. सरकले तर वॉशर आत राहिलाय किंवा शीट पातळ आहे. टिकले तर त्यांना घेऊन एकदा मकरपुऱ्याला जाऊन ये, मित्राकडे चहा घेऊन परत. दहाच्या दहा उभे असतील तर उरलेल्यांच्या बेसला हात घाल.

मोडलेल्या अकरा भाल्यांच्या जागी नवे कडक प्लास्टिकचे लावू नकोस. घर झाडायच्या प्लास्टिकच्या झाडूचा एक तंतू काप, तो वाकतो आणि परत सरळ होतो. नवा झाडू विकत आण, घरातला कापून बायकोच्या हातात सापडू नकोस.